मरणापासून सुरू झालेले भाषण

१५२७ च्या फेब्रुवारीत आग्र्याच्या पश्चिमेला, सिक्रीच्या तळ्याकाठी बाबराच्या फौजेची छावणी पडली होती. दहा महिन्यांपूर्वी याच फौजेने पानिपतावर इब्राहिम लोदीला मारून दिल्ली आणि आग्रा घेतले होते. बाबराच्या अंदाजाने तेव्हा समोर एक लाखाचे सैन्य आणि हजारभर हत्ती होते. त्याने स्वतः सिंधू ओलांडताना लहानथोर, शिपाई-बिगरशिपाई सगळे धरून बारा हजार माणसांची नोंद केली होती. इतक्या तफावतीवर मात केलेली ही माणसे आता राणा सांगाचे नाव ऐकून गप्प बसत होती. बाबराने ही गोष्ट लपवलेली नाही. आपल्या तुर्की आत्मचरित्रात तो लिहितो की त्या दिवसांत कोणाच्याही तोंडून धीराचा शब्द निघत नव्हता. ज्यांनी सल्ला द्यायचा ते वजीर आणि ज्यांनी मुलूख उपभोगायचा ते अमीर, दोघेही मूग गिळून होते. अपवाद निजामुद्दीन अली खलीफाचा, जो शेवटपर्यंत खंबीर राहिला. तीन आठवड्यांच्या आत हीच फौज खानव्याच्या मैदानावर दिवसभर लढली आणि जिंकली. मधल्या दिवसांत काबूलहून आलेली माणसे पाचशेच्या घरात होती, म्हणजे संख्येचे गणित जवळपास होते तसेच होते. पालटले ते मन, आणि ते पालटण्यात राजाच्या एका छोट्या भाषणाचा मोठा वाटा होता. ते भाषण का लागू पडले याचे उत्तर बहुतेक वेळा धर्मावेशात शोधले जाते. मला ते उत्तर अपुरे वाटते. बाबराने त्या दिवशी काय म्हटले याच्या बरोबरीने काय म्हणायचे टाळले, आणि बोलण्याआधी स्वतः काय सोडले, हे पाहिल्याशिवाय त्या शब्दांचे बळ कळत नाही.

त्यासाठी आधीच्या उन्हाळ्याकडे जावे लागते. मे १५२६ मध्ये बाबर आग्र्यात शिरला तेव्हा त्याच्या माणसांना हिंदुस्थान हा देश जिंकूनही परका होता. गावे ओस पडली होती, लोक दहशतीने पळाले होते, माणसांना धान्य मिळेना आणि घोड्यांना वैरण मिळेना. वाटा चोर-दरोडेखोरांनी भरल्या होत्या. त्यात त्या वर्षीचा उन्हाळा असा होता की लू लागून माणसे एकापाठोपाठ एक मरत होती. काबूलच्या थंड हवेला, खरबुजांना आणि वाहत्या पाण्याला सोकावलेले सरदार उघडपणे परत जाण्याची भाषा बोलू लागले. एक गोष्ट इथे ध्यानात ठेवायला हवी. पानिपतानंतर बाबराने लोदींचा खजिना अक्षरशः उधळला होता. मुलगा हुमायून याला सत्तर लाख मिळाले, अमीरांना लाखांच्या रकमा मिळाल्या, काबूलच्या प्रत्येक माणसाला, बाई असो की गुलाम, एकेक शाहरुखी नाणे पाठवले गेले. या उदारपणामुळे लोक त्याला कलंदर म्हणू लागले. पण ज्याच्या पदरात सगळे पडले त्याला आता लढण्यापेक्षा जगण्यात, आणि जगून घरी पोचण्यात, जास्त स्वारस्य असणार. लुटीची आशा हे मध्य आशियातल्या कुठल्याही फौजेचे पहिले इंधन होते, आणि बाबराने ते एका महिन्यात जाळून संपवले होते.

कुरबूर कानावर आल्यावर त्याने अमीरांची सभा बोलावली. या पहिल्या भाषणाचा सारांश त्याने स्वतः दिला आहे, आणि ते भाषण अतिशय समंजस आहे. साधनांवाचून राज्य होत नाही आणि मुलूख व चाकर यांवाचून राजेपण नाही, असे तो सुरुवातीलाच म्हणतो. मग आपण किती वर्षे कष्ट उपसले, किती लांबचे प्रवास केले, स्वतःला आणि सैन्याला किती वेळा मरणाच्या तोंडी दिले, याची आठवण देतो. ईश्वरी कृपेने इतका मोठा शत्रू हरवून एवढे विस्तीर्ण देश हाती आले, ते आता विनाकारण टाकून काबूलच्या गरिबीत परत का जायचे, असे विचारतो. माझे हित चिंतणाऱ्याने यापुढे ही भाषा काढू नये, आणि ज्याच्याने राहवतच नसेल त्याने खुशाल जावे, असे म्हणून तो थांबतो. बहुतेक जण राहिले. ख्वाजा कलान मात्र राहिला नाही. तो बाबराच्या अगदी जवळच्यांपैकी होता, पानिपतापर्यंत प्रत्येक संकटात बरोबर होता. त्याला गझनीचा कारभार देऊन काबूलकडे पाठवावे लागले. जाताना त्याने दिल्लीतल्या आपल्या घराच्या भिंतीवर हिंदुस्थानचे पुन्हा नाव न काढण्याचा शेर लिहिला, आणि बाबराला तो चांगलाच झोंबला.

या पहिल्या भाषणात हिशेब आहे. मिळवलेले आणि गमावण्याजोगे, काबूल आणि हिंदुस्थान, कष्ट आणि फळ, असे दोन्ही बाजूंचे वजन करून राजा माणसांना पटवतो. शिवाय जाण्याची मुभा देऊन तो त्यांच्या मानाला धक्का लावत नाही. तैमूरच्या वंशातल्या राजांना असे बोलावेच लागे, कारण त्यांचे बेग, म्हणजे सरदार, हे पगारी नोकर नव्हते. आपापली माणसे घेऊन ते एका सुलतानाकडून दुसऱ्याकडे जात. बाबर बारा वर्षांचा असताना अंदिजानच्या गादीवर आला, समरकंद त्याने तीनदा घेतले आणि तिन्ही वेळा गमावले. त्या काळात आपले म्हणवणारे रातोरात कसे निघून जातात हे त्याने इतके पाहिले होते की सैन्यावर हुकमत चालवण्यापेक्षा ते राखणे कठीण असते, हे त्याला कोणी शिकवायची गरज नव्हती. १५२६ च्या उन्हाळ्यात त्याने ते हिशेबाच्या भाषेने राखले. पण हिशेबाची भाषा सैन्याला थांबवू शकते, मरणासमोर उभे करू शकत नाही. समोर जबर शत्रू आला की तोच हिशेब उलटा होतो.

तसा शत्रू आता समोर येत होता. मेवाडच्या संग्रामसिंहाने, म्हणजे राणा सांगाने, सुमारे अठरा वर्षांच्या राज्यात माळवा, गुजरात आणि दिल्ली या तिन्ही सुलतानांशी यशस्वी झुंज दिली होती. एक डोळा गेलेला, एक हात तुटलेला, पायाने अधू, अंगावर जखमांचे वण, अशी त्याची ख्याती होती. राजस्थानातले राजे मोठ्या संख्येने त्याच्या झेंड्याखाली एकत्र आले होते. मेवातचा हसन खान आणि सिकंदर लोदीचा मुलगा महमूद हेही आपापल्या सैन्यानिशी त्याला मिळाले होते. बाबराच्या विजयपत्रात राणा आणि त्याच्या मित्रांचे बळ दोन लाख एक हजार स्वार इतके सांगितले आहे. ते डोकी मोजून काढलेले नाही. एक लाख महसुलाला शंभर स्वार या हिंदुस्थानी प्रमाणाने मुलखाच्या उत्पन्नावरून ते मांडलेले आहे. प्रत्यक्षात मैदानावर आलेले सैन्य त्याहून पुष्कळ कमी असणार, पण तरीही ते बाबराच्या सैन्यापेक्षा मोठे होते याबद्दल शंका नाही. फेब्रुवारीत राणाने बयाना किल्ल्याबाहेर मोगलांची तुकडी झोडपून काढली. तिथून परतलेल्यांनी छावणीत येऊन राजपुतांच्या झुंजारपणाचे असे वर्णन केले की ऐकणाऱ्यांचे अवसान गेले. पाठोपाठ अब्दुल अझीझ नावाचा सरदार पुरेशी काळजी न घेता खानव्याच्या दिशेने पुढे गेला आणि मार खाऊन परतला. दुसरीकडे पाठ टेकण्याजोगी जागाही उरली नव्हती. राप्री आणि चंदवार अफगाणांनी परत घेतले, संभळ आणि कनौज हातचे गेले, ग्वाल्हेरला वेढा पडला, आणि बरोबरचे हिंदुस्थानी अमीर एकेक करून निघून जाऊ लागले. आदल्या डिसेंबरात तर इब्राहिम लोदीच्या आईने आचाऱ्याकरवी बाबराला विष घातले होते, त्यातून तो थोडक्यात वाचला होता.

या सगळ्यावर कळस चढवला तो एका ज्योतिषाने. काबूलहून आलेल्या पाचशे माणसांबरोबर मुहम्मद शरीफ हा ज्योतिषी आला होता. मंगळ पश्चिमेला आहे, तेव्हा जो या बाजूने लढायला जाईल तो हरेल, असे तो भेटेल त्याला सांगत सुटला. आजच्या वाचकाला हे किरकोळ वाटेल, पण त्या छावणीत ते किरकोळ नव्हते. आतापर्यंतची भीती ही माणसांची होती. शत्रू बलवान आहे, आपण थोडे आहोत, घर दूर आहे, एवढेच तिचे म्हणणे होते. ज्योतिषाने तिला आकाशाचा पुरावा दिला. शत्रूच्या बळाबद्दल युक्तिवाद करता येतो, तोफा दाखवता येतात, पानिपताची आठवण देता येते. पराभव लिहिलेलाच आहे असे मानणाऱ्या माणसाला यातले काहीही लागू पडत नाही. बाबर म्हणतो की आम्ही त्याच्या बडबडीकडे लक्ष दिले नाही आणि आखलेली कामे चालू ठेवली. पण सैन्याने लक्ष दिले होते, आणि ते त्याला ठाऊक होते.

त्याच सुमारास बाबा दोस्त हा साकी काबूलकडून उंटांच्या रांगांवर गझनीची उंची दारू घेऊन छावणीत पोचला. बाबर दारूचा शौकीन होता हे त्याच्या आत्मचरित्राच्या पानोपानी दिसते. कधी नावेत, कधी बागेत, कधी घोड्यावर, कोणाबरोबर आणि किती प्यालो याच्या त्याने मोकळेपणाने नोंदी केल्या आहेत. २५ फेब्रुवारी १५२७ या दिवशी, घोड्यावरून छावणीची पाहणी करत असताना, त्याने दारू सोडण्याचा निश्चय जाहीर केला. सोन्या-चांदीचे पेले आणि सुरया मागवून फोडल्या आणि ते तुकडे फकीर व गरजूंना वाटले. होती ती दारू जमिनीवर ओतली, बाबा दोस्तने आणलेल्या दारूत मीठ टाकून तिचा सिरका करायला सांगितले. जिथे दारू ओतली तिथे विहीर खोदण्याचा हुकूम झाला. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी मिळून सुमारे तीनशे जणांनी, त्यात सरदारही होते आणि साधे शिपाईही, त्याच्याबरोबर शपथ घेतली. पाठोपाठ मुसलमानांकडून घेतली जाणारी तमगा ही जकात माफ करण्याचे फर्मान निघाले. ते दरबारातल्या शेख जैनने अलंकारिक फारसीत लिहिले आणि ते सगळ्या मुलखात पाठवले गेले. जकात माफ झाली ती फक्त मुसलमानांची, ही गोष्ट दृष्टीआड करून चालणार नाही. पण छावणीच्या दृष्टीने महत्त्वाचे होते ते असे की राजाने माणसांकडे काही मागण्याच्या आधी स्वतःच्या आवडीवर आणि स्वतःच्या उत्पन्नावर पाणी सोडले होते, आणि तेही सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. पुढे तो जे बोलणार होता त्याचे मोल या पेल्यांच्या तुकड्यांनी आधीच चुकते केले होते.

एवढे करूनही भीती हटेना, तेव्हा त्याने सगळ्या बेगांना आणि तरुण योद्ध्यांना एकत्र बोलावले. त्याने जे सांगितले ते आत्मचरित्रात काही ओळींत मावते. जगात आलेल्या प्रत्येकाला जायचे आहे, टिकणारा एकटा ईश्वर. जीवनाच्या मेजवानीला बसलेल्याला मरणाचा पेला प्यावाच लागतो. मग बदनाम होऊन जगण्यापेक्षा नाव राखून मेलेले बरे. इथे त्याने शाहनाम्यातल्या एका फारसी ओळीचा आधार घेतला, जी त्याच्या श्रोत्यांना तोंडपाठ असणार. ईश्वराने आपल्याला आज असे भाग्य दिले आहे की मेलो तर हुतात्मा ठरू आणि मारले तर गाझी, म्हणजे विजयी धर्मयोद्धे, ठरू. तेव्हा सगळ्यांनी ईश्वरी वचनाची शपथ घ्यावी की प्राण देहात असेपर्यंत कोणी या लढाईतून तोंड फिरवणार नाही. बेग आणि चाकर, थोर आणि लहान, सगळ्यांनी कुराण हाती घेऊन ती शपथ घेतली.

आधीच्या उन्हाळ्यातले भाषण शेजारी ठेवले की फरक स्पष्ट होतो. मुलूख, संपत्ती, कष्टाचे फळ, काबूलची गरिबी, यातला एकही मुद्दा आता नाही. आपण जिंकू असे आश्वासनही नाही. शत्रूला तो कमी लेखत नाही, पानिपताची बढाई मारत नाही, ज्योतिषाचे नाव काढत नाही. तो थेट मरणापासून सुरुवात करतो, म्हणजे ज्या गोष्टीचे भय सगळ्यांच्या मनात होते पण जिचा उच्चार कोणी करत नव्हते, तिथूनच. घाबरलेल्या माणसाला घाबरू नकोस म्हटले तर तो आणखी एकटा पडतो. मरण सगळ्यांनाच आहे असे त्याचा राजा, जो स्वतः त्याच रणात उभा राहणार आहे, मोकळेपणाने म्हणाला तर भय निदान सामायिक होते. यापुढची चाल मला सगळ्यात कुशल वाटते. ज्योतिषाचे म्हणणे होते की तुम्ही हराल. बाबराने ते खोडायचा प्रयत्नच केला नाही. त्याने लढाईच्या निकालांची अशी मांडणी केली की जिंकणे आणि मरणे या दोन्हींना मान मिळाला, आणि अपमान उरला तो फक्त पळण्याला. हार लिहिलेली असली तरी हुतात्म्याचे नाव कोणी हिरावून घेऊ शकत नव्हते. भाकीत खोटे ठरवले नाही, पण त्याची नांगी मोडली. मंगळ पश्चिमेला असो की पूर्वेला, पळायचे की नाही हे प्रत्येकाच्या हातात होते.

या प्रसंगाची दुसरी हकीकत बाबराची मुलगी गुलबदन बेगम हिने दिली आहे. खानव्याच्या वेळी ती चारेक वर्षांची होती आणि काबूलला होती. तिने ते लिहिले साठ वर्षांनी, अकबराच्या इच्छेवरून. म्हणजे घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेलेली गोष्ट असेच तिचे स्वरूप आहे. तिच्या हकीकतीत ज्योतिषी आहे, हुतात्मा आणि गाझी आहेत, पण त्यांच्या आधी एक वेगळा मुद्दा आहे. आग्र्यापासून आपली जन्मभूमी कित्येक महिन्यांच्या वाटेवर आहे, आज हरलो तर आपण कुठे आणि आपले शहर कुठे, इथे तर सगळे परके आहेत, असे बाबर म्हणतो. शिवाय ती सांगते की सरदारांनी कुराणाबरोबर बायकोच्या तलाकचीही शपथ घेतली. ही शपथ त्या समाजात अत्यंत गंभीर मानली जात असे, कारण ती मोडणाऱ्याचा विवाहच मोडला असे धरले जाई. इथे त्या दहा महिन्यांची कहाणी पूर्ण होते असे मला वाटते. ज्या घराच्या ओढीने ही फौज पोखरली जात होती, तेच घर या शपथेने जामीन ठेवले. रणातून पळून काबूल गाठले तरी तिथे बायको आपली राहणार नव्हती. १५२६ मध्ये राजाने परतीचा दरवाजा उघडा ठेवला होता. आता तो त्यांनी स्वतःच्या तोंडाने बंद केला. आणि तरीही बाबराने एक झरोका ठेवलाच: लढाई जिंकल्यावर ज्याला जायचे असेल त्याला रजा देण्याचे वचन त्याने लढाईपूर्वी दिले होते. घराकडे जाणारी वाट फक्त रणातूनच जाते, एवढे मात्र त्याने पक्के केले.

यावर पहिला आक्षेप साहजिक आहे. खानवा तोफांनी जिंकले, भाषणाने कोणती लढाई जिंकली जाते? उस्ताद अली कुलीच्या तोफा, मुस्तफा रूमीने रूमी पद्धतीने साखळ्यांनी जोडलेले गाडे, त्यांच्या आडोशाने गोळ्या झाडणारे बंदूकधारी, आणि दोन्ही टोकांवरून शत्रूच्या पाठीवर जाणाऱ्या तुलगमा तुकड्या, हेच विजयाचे कारण असे लष्करी इतिहासकार सांगतात आणि ते खरेच आहे. पण ही सगळी व्यवस्था उभी राहायला दिवस लागले. जिथे गाडे पुरेनात तिथे चाके लावलेल्या लाकडी तिवया करून त्या कच्च्या चामड्याच्या दोरांनी बांधल्या, खंदक खणले, आणि बाबराच्या म्हणण्याप्रमाणे यात वीस-पंचवीस दिवस गेले. ही कामे मुळात हाती घेतली तीच घाबरलेल्या माणसांना धीर यावा म्हणून, असेही तो लिहितो. म्हणजे खंदक हेही त्याच्या समजुतीत मनाचे औषध होते. त्या दिवसांत फौज फुटली असती तर तोफांमागे उभे राहायला माणूस उरला नसता. राणाचा उशीरही इथे मोजायला हवा. बयान्यानंतर लगेच त्याने चाल केली असती तर बाबराला ना खंदक खणायला वेळ मिळाला असता ना शपथ घ्यायला. शब्दांनी लढाई जिंकली असा माझा दावा नाही. राणाने दिलेल्या वेळात फौज एकत्र राहिली आणि तोफांना माणसे मिळाली ती या शब्दांमुळे, एवढेच माझे म्हणणे आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर. हे सगळे आपल्याला सांगतो कोण? स्वतः राजा. आपल्या भाषणाने चमत्कार झाला असे कोणता राजा म्हणणार नाही? ही शंका रास्त आहे, आणि शब्द जसेच्या तसे उच्चारले गेले असतील असे मानण्याचे कारण नाही. पण हाच लेखक आपल्या सैन्याची घबराट, आपल्या तुकड्यांचे पराभव, सोडून जाणारी माणसे आणि आपल्या पहिल्या भाषणाला दाद न देणारा जवळचा मित्र, सगळे नोंदवून ठेवतो. दुसऱ्या भाषणाचे वर्णनही तो ईश्वरी संचार म्हणून करत नाही. ही फार चांगली युक्ती होती, जवळच्या आणि दूरच्या, मित्राच्या आणि शत्रूच्या कानी जाऊन तिने परिणाम केला, असे तो कारागिराच्या समाधानाने म्हणतो. आपले शब्द योजून वापरलेले होते ही कबुली त्याच्याच लेखणीतून आली आहे, आणि दरबारी स्तुतीपेक्षा ती अधिक विश्वासार्ह आहे.

मग ती धर्माची भाषा? ती खरी होती की युक्ती? माझ्या मते दोन्ही, आणि यात विसंगती नाही. बाबर श्रद्धावान होता आणि दारूबद्दलची टोचणी त्याला आधीपासून होती. पण कोणती भाषा कधी काढायची हेही तो जाणत होता. १५१९ मध्ये त्याने इब्राहिम लोदीकडे वकील पाठवला तेव्हा हक्क सांगितला तो तैमूरच्या वारशाचा, पूर्वी तुर्कांकडे असलेले मुलूख परत द्या असा. पानिपतावर समोर मुसलमान सुलतान होता, तिथे गाझी हा शब्द लागू पडण्यासारखा नव्हता. खानव्याला तो पडू शकत होता, म्हणून वापरला. राणाच्या बाजूला हसन खान मेवाती आणि महमूद लोदी होते, म्हणजे ही सरळ दोन धर्मांतली लढाई नव्हती. पण हुतात्मा आणि गाझी ही जोडी अशी होती की मरणाला आणि विजयाला एकाच वेळी मान देणारी दुसरी कोणतीही भाषा त्या छावणीला तितकी समजली नसती. शब्दांची ही निवड परिणामकारक होती. ती निरुपद्रवी होती असे मात्र म्हणता येणार नाही.

१६ मार्च १५२७ च्या शनिवारी दोन्ही सैन्ये खानव्याजवळ, आजच्या भरतपूर जिल्ह्यात, भिडली. बाबराने रांगेपुढून घोडा दौडवत प्रत्येक विभागाला त्याची जागा आणि काम समजावले होते. राजपुतांचे पहिले जोरदार हल्ले मोगलांच्या उजव्या बगलेवर आले. ती बगल मागे रेटली गेली, मग मदत पोचली, मुस्तफा रूमीचे गाडे पुढे आले आणि तोफांचा मारा सुरू झाला. दुपार कलली तरी निकाल लागेना. अखेर बाबराने मधली राखीव दले गाड्यांच्या दोन्ही बाजूंनी सोडली आणि गाडेही पुढे ढकलले. हसन खान मेवाती मारला गेला. राणा जखमी झाला आणि त्याच्या माणसांनी त्याला रणाबाहेर नेले. झाला अज्जाने राणाची राजचिन्हे आपल्या अंगावर घेऊन लढाई चालू ठेवली आणि प्राण दिला, असे राजपूत परंपरा सांगते. या बाजूलाही नाव राखून मरण्याची भाषा किती खोल रुजलेली होती ते यातून दिसते. त्यासाठी त्यांना शपथ घ्यावी लागली नाही, ते वाढलेच त्या भाषेत होते. बाबराची अडचण नेमकी हीच होती की त्याच्या बेगांना जिंकण्याची आणि मिळवण्याची सवय होती. ठामपणे उभे राहून मरण्याची भाषा त्यांना त्या आठवड्यात शिकवावी लागली.

विजयानंतर राजाच्या नावापुढे गाझी ही पदवी लागली आणि शत्रूच्या मुंडक्यांचा मनोरा रचला गेला. शेख जैनने लिहिलेले फारसी विजयपत्र बाबराने आत्मचरित्रात जसेच्या तसे घातले आहे. त्याची भाषा बाबराच्या स्वतःच्या साध्या तुर्कीपेक्षा कितीतरी अधिक जहाल आहे. घाबरलेल्या छावणीला सावरण्यासाठी काढलेले शब्द दरबाराच्या लेखणीत जाऊन राज्याची ओळख होऊ लागले. जानेवारी १५२८ मध्ये मेदिनीरायच्या चंदेरीवर बाबर गेला तेव्हा मोगलांच्या बाजूने शपथा घ्यायला लावण्याजोगे संकट नव्हते. तरीही चंदेरी पडल्यावर, आतल्या राजपुतांनी जोहार करून मरण पत्करल्यावर, बाबराने त्या विजयाची तारीख सांगणाऱ्या काव्यात तीच धर्मयुद्धाची परिभाषा वापरली. पुढच्या वर्षी पूर्वेला घाघरेच्या काठी अफगाण आणि बंगालच्या नुसरत शाहाच्या सैन्याशी गाठ पडली. तिथे समोर मुसलमानच होते, आणि त्या परिभाषेला जागा नव्हती. राणा सांगाला पुन्हा लढायचे होते. मेवाडच्या परंपरेप्रमाणे त्याच्याच काही सरदारांना तो आग्रह असह्य झाला आणि १५२८ मध्ये त्याला विष देण्यात आले. वर्षानुवर्षे अंगावर जखमा घेऊन पुढे उभा राहणारा राजा आणखी एका लढाईसाठी आपल्या माणसांना तयार करू शकला नाही.

ज्योतिषी मुहम्मद शरीफ विजयाचे अभिनंदन करायला आला तेव्हा बाबराने त्याला मनसोक्त झापले, मग त्याची जुनी सेवा आठवून एक लाख दिले आणि आपल्या मुलखातून निघून जायला सांगितले. सैन्याला दिलेले रजेचे वचनही त्याने पाळले. हुमायूनच्या हाताखालचे बहुतेक लोक बदख्शानचे होते, त्यांना मोठी मोहीम सोसत नव्हती. त्यांच्यासह हुमायूनला काबूलच्या बाजूला जाऊ दिले. वाटेत हुमायूनने दिल्लीत उतरून परवानगीवाचून तिथल्या खजिन्याच्या कोठ्या उघडल्या. बाबराला त्याच्याकडून ही अपेक्षा नव्हती आणि त्याने मुलाला कडक पत्रे लिहिली. ऑक्टोबर १५२८ पर्यंत सिकंदर आणि इब्राहिम यांच्या खजिन्यात काही उरले नव्हते, आणि तोफा-दारूगोळ्यासाठी वेतनदारांच्या उत्पन्नातून शेकडा तीस कापून घेण्याचा हुकूम काढावा लागला. १५२६ च्या उन्हाळ्यात लाखांनी वाटणाऱ्या राजाकडे आता माणसे बांधून ठेवायला पैसा नव्हता. दारू मात्र त्याने पुन्हा जवळ केल्याची नोंद नाही. त्याच्या दैनंदिनीची पाने १५२९ च्या सप्टेंबरात थांबतात, आणि तोवर माजूम हा नशेचा पदार्थ चालू असला तरी मद्य दिसत नाही. फेब्रुवारी १५२९ मध्ये त्याने ख्वाजा कलानला, उन्हाळ्यात सोडून गेलेल्या त्याच मित्राला, पत्र लिहिले. गेली दोन वर्षे दारूच्या बैठकीची ओढ इतकी होती की कित्येकदा डोळ्यांत पाणी येई, यंदा ती इच्छा मनातून गेली, आणि आता तूही सोड, असे त्यात आहे.